पहिली ओवी कुठंय?

आक्का, तू अमर झालीस म्हणे.

तुझ्या जलदान विधीच्या दिवशी तुझा विजय सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई गेली नाय. तिचा आवाज म्युझियममधी हाय. आपण सगळे गेल्यावर पण लोक ऐकतील." लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी एकटी सतरंजीकडं बघत बसले. मान वर केली असती तर तोंड उघडलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर तिथंच भांडण झालं असतं. आणि आपल्या घरात चारचौघांत भांडायचा मान तुझा. तो मी कसा घेऊ?

विजयचं काही चुकलं नाही. त्याला बिचाऱ्याला पूर्ण माहीत नाही. तू त्याला सांगितलंच नव्हतंस, कारण तो लगेच चार पोरं घेऊन तिथं गेला असता आणि तुला ते नको होतं. तुला भांडण स्वतःच्या तोंडानं करायचं होतं. शाळेत मुख्याध्यापिका होतीस तेव्हाही तसंच. बाकीचे अर्ज लिहायचे, तू समोर जाऊन उभी राहायचीस. "तोंड दिलंय ना मला," म्हणायचीस.

तर आता तू नाहीस आणि तोंड माझ्याकडं आलंय. म्हणून हे तुला सांगतेय. राग आलाय मला, आक्का. तू गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगू का, त्याच्याआधी राग येतो. सकाळी चहा ठेवते, दोन कप काढते, एक परत फळीवर ठेवते, आणि रडू यायच्या आधी त्या संग्रहालयवाल्याचं गोड तोंड डोळ्यांपुढं येतं.

सुरुवात तूच केलीस, हे आधी कबूल कर. शहराबाहेर कुणीतरी जुन्या खेड्याचं संग्रहालय उभारतंय, जुन्या वस्तू असतील तर द्या, असं त्यांचं आवाहन आलं. तू लगेच फोन केलास. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी आईचं जातं पडलं होतं. पाचोडच्या अलीकडचं आपलं गाव सुटलं, आई गेली, पण ते जातं तू टेम्पोत घालून इथं आणलं होतंस. मी म्हणाले, "राहू दे की. आईचं आहे." तर तू म्हणालीस, "बेबे, गच्चीवर कबुतरं हगतायत त्याच्यावर. तिथं निदान लेकरं बघतील."

मग ते साहेब स्वतः आले. संचालक. खादीचा कुडता, बोलणं सगळं साखरेत घोळलेलं. त्यांनी जात्याला वाकून हात लावला तेव्हा मलाही बरं वाटलं, हे मान्य करते. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "जातं नेताय तर त्याची ओवी पण न्या. मुकं जातं कसं देऊ मी?" साहेबांचा चेहरा उजळला. "ताई, हे तर सोनंच दिलंत तुम्ही आम्हाला!" म्हणाले.

त्यांच्या हॉलमध्ये पोतं अंथरून जातं मांडलं होतं. टोपलीत ज्वारी. दोन माईक. मी म्हणाले माझे गुडघे वाकत नाहीत, मी खुर्चीत बसून साथ देते. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "खाली बस, ढोंग करू नको. खुर्चीत बसून कोण दळतंय?" बसले. एका खुंट्यावर तुझा हात, त्यावर माझा. किती वर्षांनी. तू मूठभर दाणे टाकलेस, जातं घरघरलं, आणि तू सुरू झालीस, आईच्याच चालीत:

पहिली माझी ओवी गं, भीमाच्या लेखणीला,
पाटी थोरल्या लेकीला, पुस्तक धाकटीला.

आईला अक्षर येत नव्हतं. अंगठा उठवायची. तुला पहिल्यांदा शाळेत घातलं तेव्हा पाटी आणली आणि दोन वर्षांनी माझ्यासाठी कुणाचं तरी वापरलेलं पुस्तक. त्या पहाटे जात्यावर तिनं ही ओवी जोडली. थोरली तू, धाकटी मी. तेव्हापासून आपल्या घरात दळण त्याच ओवीनं सुरू झालं. दुसऱ्या घरी पहिली ओवी देवाला असायची, आपल्याकडं ती बाबासाहेबांच्या लेखणीला. पहिली म्हटल्याशिवाय आई दुसरी म्हणायची नाही. मध्येच दूध उतू गेलं म्हणून उठली तर परत बसल्यावर पुन्हा पहिलीपासून. तूही तशीच हट्टी. विजयनं कितीदा मोबाईल तुझ्यापुढं धरला, "आई, ओवी म्हण ना." तू विचारायचीस, "जातं मांडलंय का?" आणि गच्चीवरचं ते जड जातं खाली कुणी आणलंच नाही. म्हणून तर तुझं गाणं आमच्यापाशी कुठंच नाही. जे होतं ते त्या हॉलमधलं.

साहेब डोळे पुसत होते त्या दिवशी. "अप्रतिम, अप्रतिम" म्हणत होते. तू घरी येताना रिक्षा शहागंजला थांबवलीस, खारीक-खोबरं घेतलंस, माझ्यासाठी बांगड्या घेतल्यास, आणि दुकानदारानं न विचारताच त्याला सांगितलंस, "आमच्या मायचं गाणं म्युझियममधी लागणार हाय, भाईसाब." तो म्हणाला, "माशाल्ला, बहुत अच्छी बात है खाला." तू असल्या तोऱ्यात चाललीस की मला तुझ्यामागं पिशव्या घेऊन पळावं लागलं.

आणि मग ते संग्रहालय उघडलं, आणि आपण बघायला गेलो.

तो दिवस मी तुला पुन्हा सांगतेय, कारण तू तेव्हा इतकी संतापली होतीस की निम्मं तू बघितलंच नसशील. दारातच फेटा बांधून देत होते, फोटोपुरता. आत गाव. कुंभार चाकावर, लोहार भात्यापाशी, सुतार रंधा मारतोय, पाटील ओसरीवर पान खातोय, विहिरीवर बायका हसतायत. सगळे फायबरचे, सगळे धुतल्यासारखे स्वच्छ, सगळ्यांच्या अंगात नवे कपडे. कुत्रंसुद्धा गुबगुबीत. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हे गाव स्वयंपूर्ण होतं, एकोप्यानं राहत होतं, कुणाला काही कमी नव्हतं. तू ते मोठ्यानं वाचलंस, वर्गात वाचायचीस तसं, एकेक शब्द सुटा. मग म्हणालीस, "चल, आपलं घर बघू."

आपण चालत राहिलो. देऊळ झालं, चावडी झाली, वेस आली. वेशीला झेंडूची प्लॅस्टिकची माळ. तू वेस ओलांडलीस, डाव्या हाताला वळलीस, आपल्या गावात वळायचं तसंच, आणि थांबलीस. समोर गाड्या उभ्या होत्या. पांढरे पट्टे आखलेले. पार्किंग.

"बेबे," तू म्हणालीस, "आपल्या घरावर गाड्या लावल्यात गं यांनी."

मला हसू आलं होतं तेव्हा. आज नाही येत. गाव तिथं महारवाडा, ही म्हण काय आपण केली? यांच्याच बापजाद्यांनी केली, आपल्याला हिणवायला केली, पिढ्यानपिढ्या तोंडावर मारली. आणि आता गाव बांधायची वेळ आली, तर वाडाच विसरले. कुंभार आठवतो, लोहार आठवतो, फायबरचं कुत्रं आठवतं. मेलेली ढोरं कोण ओढत होतं, सांगावा घेऊन उन्हातान्हात कोण पळत होतं, वेशीवर रात्रभर कोण जागत होतं, ते मात्र यांना आठवत नाही. आणि कुणी आठवण करून दिली की हे म्हणतात, कशाला जुन्या गोष्टी उकरता. अरे बाबांनो, संग्रहालय जुन्या गोष्टींचंच असतं ना? मग दुसरं काय उकरायचं तिथं?

बरं, ते सोडलं. तेवढ्यावर तू भांडली नसतीस. "यांच्याकडून एवढीच अपेक्षा," म्हणून चहा प्यायला गेली असतीस. पण मग जात्याची खोली आली.

जातं आपलंच. वरच्या पाळीला तो टवका, आईच्या हातून पहार पडली होती तेव्हाचा. आणि त्याच्यासमोर कोण बसलेली? हिरवं नऊवारी, नाकात नथ, गोरीपान, हातभर बांगड्या, एकटीच. समोरची जागा रिकामी. एकटी बाई एवढं जातं ओढते आणि वर गालातल्या गालात हसते! कोपऱ्यात काळी पेटी. आणि त्या पेटीतून तू.

दुसरी माझी ओवी गं, पाठच्या बहिणीला...

मला वाटलं मध्येच सुरू झालंय. आपण थांबलो. तिसरी झाली, शेताला. चौथी झाली, भावाला. पाचवी झाली. मग शांतता. मग खरखर. मग पुन्हा दुसरी.

तुझा चेहरा मी विसरणार नाही. खाली पाटी होती, तीही तू वाचलीस. 'जात्यावरची ओवी. लोकपरंपरेतून. गायिका अज्ञात.' तू म्हणालीस, "आयुष्यभर पोरांची हजेरी घेतली मी. अन् माझीच गैरहजेरी लावली?"

साहेब धावत आले. त्यांना तू विचारलंस ते साधं होतं. "पहिली कुठंय?"

"ताई, थोडी वेळेची मर्यादा होती..."

"मग पाचवी कापायची. शेवटून कापायचं. पहिली कामून कापली?"

"कसंय ताई, आपण इथं निव्वळ परंपरा दाखवतो. सगळ्या प्रकारचे लोक येतात. पहिली ओवी जरा... म्हणजे मला व्यक्तिशः फार आवडली, पण ती थोडी राजकीय होते."

राजकीय! एक पाटी आणि एक पुस्तक! त्या ओवीत कुणाला शिवी आहे? कुणाचं नाव घेतलंय, कुणाचा बाप काढलाय? एक अडाणी बाई पहाटे पीठ दळताना म्हणते की माझ्या दोन पोरी शाळेत गेल्या आणि ज्याच्यामुळं गेल्या त्याला माझी पहिली ओवी. एवढंच. विठ्ठल आला की परंपरा, भीम आला की राजकारण. आणि कापणाऱ्यांना एवढीही अक्कल नव्हती की मागं 'दुसरी' राहते. शेवटची कापली असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण यांच्या घरात कुणी जात्याला कधी हात लावलेला असेल तर ना! चोरी केली आणि पावलं दारात ठेवून गेले.

तू तिथंच सांगितलंस. "पूर्ण लावा, नायतर काढून टाका. अर्धी मी लावू देणार नाय."

साहेब म्हणाले, "बघतो ताई, नक्की बघतो."

आणि तोंडाला पानं पुसली ती पुसलीच. तू फोन करत राहिलीस, ते बघत राहिले.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलंय, म्हणून आज पूर्ण करू. मी म्हणत होते, राहू दे. अर्धी तर अर्धी. लेकरं येतात, ऐकतात, आईची चाल त्यांच्या कानावर पडते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? तू म्हणायचीस, "अर्धी भाकर पोटाला चालती बेबे, अर्धी ओवी चालत नाय. पहिली काढली की बाकीच्या ओव्या त्या नथवालीच्या झाल्या. मपली माय त्यात राहिली का?" रिक्षात भांडलो, टाऊन सेंटरच्या बाकावर भांडलो, तुझ्या स्वयंपाकघरात भांडलो, तू इतक्या जोरात लाटणं आपटलंस की चपातीला भोक पडलं. मी चूक होते असं मी आजही म्हणणार नाही. तू जिवंत असताना म्हणाले नाही, आता गेल्यावर म्हणाले तर तुला खोटं वाटेल.

पण दवाखान्यात तू माझा हात धरलास. आवाज गेला होता तुझा, नुसता वारा येत होता. मी आयुष्यभर नर्स होते आक्का, मला कळत होतं काय चाललंय. तू म्हणालीस, "बेबे, मपला आवाज तिथून काढून आण." मी म्हणाले, "व्हय." मी रोग्यांना म्हणायचे तसलं ते 'व्हय' होतं, आणि तुला ते ओळखू आलं असणार, कारण तू तोंड फिरवलंस. मला जे म्हणायचं होतं ते घशातच राहिलं. मला म्हणायचं होतं की तिथून काढला तर मी तो कुठं ऐकू? तू चाललीस. घरात तुझं एक गाणं नाही. मग मी रिकाम्या हातानं काय करू?

जलदान झाल्यावर मी संग्रहालयात गेले. कुणाला सांगितलं नाही. तुझी ती निळ्या काठाची साडी नेसले, तीच, मला देणार नव्हतीस ती.

साहेब उठून उभे राहिले. सांत्वन केलं, फार सुंदर केलं, माणसाला बोलण्याची कला आहे. म्हणाले, "ताई गेल्या, पण आमच्या संग्रहालयाचा आत्मा आहेत त्या." मी म्हणाले, "आत्मा आम्ही मानत नाही. पहिली ओवी लावा."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांगायचं तर ती आता नाहीये. मूळ रेकॉर्डिंग ठेवलं गेलं नाही. एडिटिंग करणारे गृहस्थ सोडून गेले. आमच्याकडे आहे ते एवढंच."

मला आधी कळलंच नाही, आक्का. मी विचारलं, "नाहीये म्हणजे?"

"म्हणजे पुसली गेली."

जुन्या वस्तू जपायचं दुकान उघडून बसलेत हे. फुटके रांजण जपतात, गंजलेली वखराची पास काचेत ठेवतात, कुणाच्या तरी आजोबांची पानाची चंची दिव्याखाली मांडतात. आणि तुझ्या तोंडची आईची ओवी पुसली. जागा नव्हती का मशीनमध्ये? तिच्या जिवावर नथवाली तिथं हसत बसलीय, आणि तिची पहिली ओवी पुसली. मी तिथं काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. तुला अभिमान वाटला असता. एकदा तर मी टेबलावर हात आपटला आणि बाहेरचा वॉचमन आत डोकावला.

साहेब शांतच. असल्या माणसांना राग येत नाही, तोच त्यांचा मोठा गुण. म्हणाले, "तुमच्या भावना समजतात. तुमची इच्छा असेल तर आम्ही बाकीचंही काढून टाकू. आत्ता, तुमच्यासमोर. तुम्ही फक्त हो म्हणा."

बघ कसं केलं. एवढे दिवस तू मागत होतीस तर दिलं नाही, आणि आता माझ्या हातात दिलं. हो म्हटलं तर तुझा शब्द राहतो आणि तू जातेस. नाही म्हटलं तर तू राहतेस, ती अशी, त्या नथवालीच्या तोंडून. मी म्हणाले, "एकदा ऐकून येते."

खोलीत एक म्हातारी उभी होती, लासूर स्टेशनकडची. सुनेबरोबर आलेली. डोक्यावरून पदर, हातात चप्पल, कारण कुणीतरी सांगितलं असेल की फरशी खराब होते. पेटीतून तू सुरू झालीस आणि ती दचकून सुनेकडं वळली.

"अगं, ही दुसरी हाय. पहिली कुठंय?"

सून मोबाईलवर फोटो काढत होती. "असंल की आत्याबाई. असंच असंल."

"असं कसं असंल? पहिली म्हटल्याबिगर दुसरी म्हणती का कुणी बाई? येडी का काय ही?"

"येडी नव्हती हो," मी म्हणाले. "मपली थोरली बहीण हाय ती. पहिली यांनी कापली."

"कामून?"

"भीमाची होती."

म्हातारी गप्प झाली. मी तिच्याकडं बघत राहिले. अशा वेळी गप्प झालेली माणसं मी जन्मभर बघितलीत, पुढं काय येतं तेही ठाऊक आहे. तिनं चपला या हातातून त्या हातात घेतल्या. मग म्हणाली, "आमची महादेवाला असती. ज्याची त्याची पहिली ज्याला त्याला. पर पहिली कापायची नसती बाई. पाप हाय ते." आणि जात्याकडं बघून, "म्हण की मग तू. तुला येती का?"

मला येते का! आक्का, त्या क्षणी मला कळलं की ती ओवी आता कुठल्या मशीनमध्ये नाही, कुठल्या कागदावर नाही, आई नाही, तू नाहीस. ती फक्त माझ्या घशात आहे. आणि मी मघापासून तो घसा साहेबांवर ओरडण्यात घालवतेय.

दोरी लावली होती जात्याभोवती. ती मी ओलांडली. नथवालीच्या समोरची जागा रिकामी होतीच, तिथं बसले. गुडघे कुरकुरले. ढोंग करू नको, मीच मला म्हणाले. तिचा हात फायबरचा, खुंट्यावर चिकटवलेला. त्यावर मी माझा हात ठेवला आणि जोर लावला. जातं हललं नाही. सिमेंटनं बसवलंय त्यांनी आईचं जातं. मुकं देणार नव्हतीस ना तू? यांनी मुकंही केलं आणि लंगडंही.

"अरे मावशी, अंदर कायकू गये! दोरीच्या आत नका जाऊ, साब चिल्लाते मेरे पे!" वॉचमन दारातून ओरडला.

"गाऊ दे तिला," म्हातारी म्हणाली, आणि हातात चपला घेऊन त्याच्या वाटेत उभी राहिली.

आयुष्यात पहिली मी कधी उचललेली नाही. आई असताना आई म्हणायची, मग तू. मी मागून धरायचे. त्यामुळं सूर कुठून लावायचा तेच कळेना. पहिला शब्द खरबरीत निघाला. मग चाल सापडली. पेटीत तुझी पाचवी संपली होती, ती गप्प झाली होती. न हलणाऱ्या खुंट्याला धरून मी म्हणाले:

पहिली माझी ओवी गं, भीमाच्या लेखणीला,
पाटी थोरल्या लेकीला, पुस्तक धाकटीला.

आणि पेटीत खरखर झाली, आणि आक्का, तू घेतलीस.

दुसरी माझी ओवी गं, पाठच्या बहिणीला,
जड जातं हलकं झालं गं, ती बसता जोडीला.

मला पुढं गाता आलं नाही. तुझ्या आवाजामागं पेटीत माझाही आवाज होता, तो गात राहिला. मी त्या नथवालीच्या हातावर कपाळ टेकवून रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा, राग मध्ये न येता. म्हातारी मागून म्हणत होती, "लई ग्वाड गळा गं तुझ्या बहिणीचा."

डोकं वर केलं तर साहेब दोरीपलीकडं उभे. म्हणाले, "ताई, मग... काढून टाकू?"

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. "मशीन आणा, पहिली मी म्हणते. आमच्या दोघींची आणि आमच्या आईची नावं पाटीवर लिहा. तोवर मी इथं येत राहणार, इथंच बसणार, आणि ही संपली की पहिली म्हणणार. दोरी आणखी उंच बांधा हवं तर."

"विचार करून सांगतो," म्हणाले. त्यांचं तेच. काल पुन्हा गेले होते. वॉचमननं दोरी स्वतः सोडून दिली आणि दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. उद्याही जाणार आहे.

तर आक्का, तुझा आवाज मी काढून आणलेला नाही. दवाखान्यात 'व्हय' म्हणाले आणि तुझं ऐकलं नाही. तुला पटणार नाही, ठाऊक आहे मला. भांडायचं असेल तर ये.